झाड लाल झालं तर सुरुंग आहे. आणि नाही झालं तर?

मागच्या दिवाळीत उमरखेडला घरी होते. मावसभाऊ सुट्टीवर आला होता. तो गडचिरोलीत पोलीस आहे. फराळ करता करता त्याने मोबाईल पुढे केला. व्हिडिओमध्ये एक हिरवं शेत होतं, मध्येच लाल रोपांचे ठिपके, आणि आवाज सांगत होता की जिथे झाड लाल, तिथे जमिनीखाली सुरुंग.

"ताई, हे खरं असतं का वो? का नुसतं एडिटिंग?"

व्हॉट्सअ‍ॅपवर असं रोजच काहीतरी येतं, दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण हा मुलगा ड्युटीवर असताना गाडीच्या पुढे पायी चालत रस्ता तपासतो. १ मे २०१९ ला कुरखेड्याजवळ जांभुळखेड्यात सुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले. त्या दिवसापासून आमच्या मावशीकडे १ मे ही तारीख महाराष्ट्र दिन म्हणून कोणी उच्चारत नाही. म्हणून "बघून सांगते" म्हटलं, आणि पुण्याला परतल्यावर खरंच बसून वाचलं. मी सॉफ्टवेअरवाली आहे, जीवशास्त्र बारावीनंतर सुटलं. तरी यातला अवघड भाग मला माझ्याच धंद्यातला वाटला, म्हणून हा लेख.

थोडक्यात उत्तर असं: झाड खरं आहे, वीस वर्षांपूर्वीच बनलंय. पण त्याच्या भरवशावर कोणीही शेतात पाय ठेवत नाही. असं का, ते जरा सविस्तर बघू.

आधी आपल्या पऱ्हाटीचा लाल्या

कापसाच्या पट्ट्यात वाढलेल्यांना झाड लाल होण्याचं नवल नाही. दिवाळीच्या सुमारास रात्री गार पडायला लागल्या की पऱ्हाटीची पानं कडेकडून लाल व्हायला लागतात. आपण त्याला लाल्या म्हणतो. बाबांना विचारलं की लाल्या कशाने येतो, तर ते बोटं मोडत मोजतात: नत्र कमी पडलं, मॅग्नेशियम कमी पडलं, बोंडं एकदम जास्त लागली, पाणी साचलं, तुडतुडे आले, थंडी पडली.

तो लाल रंग म्हणजे अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य. जांभळाच्या गरात आणि लाल कोबीत जे असतं, त्याच घराण्यातलं. झाडावर ताण आला की ते हे द्रव्य बनवतं. म्हणजे झाडाकडे लाल दिवा जन्मापासून आहे. अडचण एवढीच की सहा वेगवेगळ्या कारणांसाठी तो एकच दिवा लागतो. दिवा बघून कारण कळत नाही. बाबांना कळतं, कारण त्यांना पाऊस किती झाला, खत कधी टाकलं हे सगळं माहीत असतं.

सुरुंग शोधणाऱ्या झाडामागची कल्पना हीच. हा दिवा जुन्या सगळ्या तारांपासून सोडवायचा आणि फक्त एका तारेला जोडायचा, ती म्हणजे स्फोटकाची चाहूल. डेन्मार्कच्या कोपनहेगनमधल्या अरेसा नावाच्या कंपनीने २००४ मध्ये असं रोप केल्याचं जाहीर केलं. रोपाचं नाव अरॅबिडॉप्सिस. मोहरीच्या कुळातलं, वीतभर वाढणारं गवतासारखं तण. शास्त्रज्ञांचं ते लाडकं, कारण वनस्पतींमध्ये सगळ्यात पहिला पूर्ण जीनोम याचाच वाचला गेला, २००० साली. सहाएक आठवड्यांत त्याचं आयुष्य उरकतं, त्यामुळे प्रयोग पटापट होतात. अरेसाचं म्हणणं होतं की मुळांना स्फोटकातून सुटणारा नायट्रोजन डायऑक्साइड लागला की तीन ते सहा आठवड्यांत रोप हिरव्याचं लाल होतं. बी विमानातून फेकायचं, वाट बघायची, फोटो काढायचा. ऐकायला किती सोपं.

पण जमिनीखालच्या सुरुंगाचा मुळाला पत्ता कसा लागतो?

लागतो, कारण सुरुंग पाझरतो. बाहेरून बंद डबा दिसतो, पण प्लास्टिकच्या कवचातून आणि सांध्यांमधून स्फोटकाचे रेणू अगदी हळूहळू बाहेर येत राहतात. जुन्या सोव्हिएत पीएमएन सुरुंगात २४० ग्रॅम टीएनटी असतं. कारखान्यात टीएनटी बनताना त्यात डीएनटी नावाची भेसळ राहून जाते. गंमत म्हणजे शोधणाऱ्यांना या भेसळीचा जास्त उपयोग होतो, कारण ती टीएनटीपेक्षा कितीतरी सहज हवेत उडते. कुत्रे आणि उंदीर सुरुंग हुंगतात तेव्हा त्या वासात हिचा मोठा वाटा असतो.

पाझरण्याची गोष्ट आपल्यापासून लांबची नाही. ३१ मे २०१६ च्या पहाटे पुलगावच्या दारूगोळा भांडारात भीषण आग लागली होती, आठवतं? पुलगाव आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात. डझनाहून अधिक जवान आणि अग्निशमन कर्मचारी त्यात गेले. आग रणगाडाविरोधी सुरुंगांच्या साठ्याला लागली होती आणि सुरुंगांमधून पाझरणाऱ्या टीएनटीबद्दल नंतर बरंच छापून आलं. तिथे भांडारातला मोठा साठा होता. शेतात पुरलेला एकटा सुरुंग पाझरतो तो अत्यंत कमी, पण वर्षानुवर्षं.

आता माती. पाझरलेला रेणू मुळापर्यंत पोचायचा तर मातीतल्या ओलाव्यातून यावा लागतो. ओल्या मातीत तो हलतो, कोरड्या मातीत कणांना चिकटून बसतो. चिकणमाती असे रेणू फारच घट्ट धरते. आपली काळी कसदार जमीन म्हणजे चिकणमातीच. जी जमीन कापसासाठी पाणी धरून ठेवते, तीच सुरुंगाची चाहूलही धरून ठेवेल, सोडणार नाही. उन्हाळ्यात ती भेगाळते, मग तर रेणू कुठल्या भेगेतून कुठे जाईल याचा नेम नाही.

रोपाच्या आतला प्रोग्राम

अरेसाच्या कल्पनेतली तार ढोबळ होती. नायट्रोजन डायऑक्साइड हा काही फक्त सुरुंगाचा वायू नाही. मातीतले जिवाणू नत्राची उलथापालथ रात्रंदिवस करत असतात आणि त्यात नायट्रोजनचे निरनिराळे ऑक्साइड बनतात. ज्या शेतात युरिया पडलाय तिथे तर विचारूच नका. म्हणजे लाल्याचाच प्रश्न वेगळ्या रूपात परत आला.

अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात जून मेडफर्ड यांच्या गटाने २०११ मध्ये जास्त नेमकी तार बांधून दाखवली. मला हे काम फार आवडलं, कारण ते चक्क आपल्या कोडसारखं वाचता येतं. पहिला तुकडा म्हणजे एक प्रथिन. ते कुलुपासारखं आहे आणि टीएनटीच्या आकाराची किल्लीच त्यात बसावी असं ते संगणकावर रचलेलं. किल्ली बसली की पेशीच्या कातडीतलं दुसरं प्रथिन जागं होतं. ते तिसऱ्याला निरोप देतं, तिसरं पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि तिथे ठरलेलं जनुक चालू करतं. यातली निरोपाची साखळी जिवाणूंकडून उसनी घेतली आहे, वनस्पतीत ती मुळात नसते, त्यामुळे झाडाच्या स्वतःच्या निरोपांशी तिची गल्लत कमी होते. शेवटी जे जनुक चालू होतं ते झाडाला हरितद्रव्य बनवणं बंद करायला आणि असलेलं मोडायला सांगतं. पान लाल होत नाही, पांढरं पडतं.

पांढरं का? हिरवा रंग जाणं दुरून सहज दिसतं, आणि टीएनटी गेल्यावर रोप पुन्हा हिरवं होऊ शकतं. रीसेट होणारा सेन्सर! वाचताना मी खुर्चीतच टाळी वाजवली.

मग पुढचं वाचलं. संगणकावर अशी कुलपं रचण्याचं मूळ काम ड्यूक विद्यापीठातून २००३ मध्ये आलं होतं. २००९ मध्ये दुसऱ्या शास्त्रज्ञांनी त्यातल्या काही रचना स्वतः बनवून तपासल्या, आणि ज्या तपासल्या त्यांत किल्ली कुलपात बसतच नसल्याचं त्यांना आढळलं. म्हणजे ज्या लायब्ररीवर लोक पुढचा कोड लिहीत होते, तिच्या टेस्ट कोणी नीट चालवल्याच नव्हत्या. मेडफर्ड यांच्या रोपाने प्रयोगशाळेत टीएनटीला प्रतिसाद दिला, ते काम त्यांचं वेगळं आहे. पण ठरवलेल्या रेणूसाठी हवं ते कुलूप बनवून घेणं तेव्हा वाटलं होतं तितकं सोपं नव्हतं, एवढं यातून नक्की कळतं.

हे कुलूप टीएनटीचं होतं, हेही लक्षात ठेवा. जगात सुरुंग एकाच स्फोटकाचे नसतात. अमेरिकी एम-१४ हा तळहातावर मावणारा प्लास्टिकचा सुरुंग, त्यात जेमतेम २९ ग्रॅम स्फोटक, आणि तेही टीएनटी नाही तर टेट्रिल. धातू जवळजवळ नाहीच, म्हणून मेटल डिटेक्टरला तो सापडणं कठीण. जिथे झाडाची सगळ्यात जास्त गरज, तिथेच झाडाकडे चुकीची किल्ली.

हिरवं म्हणजे काय?

आता माझ्या धंद्यातला भाग.

मी एका जुन्या नोकरीत सर्व्हरवर लक्ष ठेवणाऱ्या टीममध्ये होते. भिंतीवर मोठा स्क्रीन. सगळं ठीक असेल तर चौकोन हिरवे, बिघडलं की लाल. एका शनिवारी रात्री सगळे चौकोन सहा तास हिरवेगार होते आणि त्याच सहा तासांत ग्राहकांचे पैसे अडकत होते. कारण सर्व्हर तपासणारा प्रोग्रामच मेला होता. मेलेला प्रोग्राम लाल दिवा लावू शकत नाही. स्क्रीनने शेवटचं माहीत असलेलं उत्तर, म्हणजे हिरवं, तसंच दाखवत ठेवलं. सोमवारी झालेली मीटिंग मला अजून आठवते. त्यानंतर आम्ही प्रत्येक तपासनिसाला सक्ती केली की दर मिनिटाला "मी जिवंत आहे" असा निरोप पाठवायचा. निरोप आला नाही तर चौकोन राखाडी. हिरवा नाही.

सुरुंगाच्या शेतातलं झाड म्हणजे राखाडी रंग नसलेला स्क्रीन.

लाल झाड काहीतरी सांगतं, ते बरोबर असेल किंवा चूक. चूक असेल तर वेळ जाईल, एवढंच. पण हिरवं झाड काय सांगतं? इथे सुरुंग नाही? की मूळ तेवढं खोल गेलंच नाही? की महिनाभर पाऊस नाही म्हणून रेणू हललाच नाही? की स्फोटक वेगळं आहे? की सुरुंगाचं कवच नवंकोरं आहे आणि अजून पाझरत नाही? की मधमाश्यांनी पराग नेऊन जनुकच विरळ झालंय? हे सगळे हिरवेच दिसतात. आणि त्यातल्या एकाचीही किंमत पाय असू शकते.

यात आणखी एक पेच आहे, तो मला बराच उशिरा कळला. सुरुंग काढणाऱ्यांचा बहुतेक वेळ आणि पैसा सुरुंग काढण्यात जातच नाही. संशय असलेल्या जमिनीचा बहुतांश भाग मुळात स्वच्छ असतो, पण कुठला ते माहीत नसतं, म्हणून सगळीच इंच इंच तपासावी लागते. एका सुरुंगामागे खिळे, तारा, पत्र्याचे तुकडे असे शेकडो खोटे इशारे मेटल डिटेक्टर देतो आणि प्रत्येक ठिकाण सुरुंगच समजून हाताने उकरावं लागतं. त्यामुळे शेतकऱ्याला त्याचं शेत लवकर परत द्यायचं असेल तर खात्रीशीर "इथे नाही" हे उत्तर सगळ्यात मोलाचं. लाल झाड "इथे आहे" सांगायला बनवलंय. गरज मात्र हिरव्याच्या खात्रीची आहे, आणि तीच त्याच्याकडे नाही.

खात्री म्हणजे किती, याचा एक आकडा आहे. १९९० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या मानकात जमीन साफ म्हणायची तर ९९.६ टक्के सुरुंग निघालेले असावेत असं होतं. पुढे ठरलेल्या खोलीपर्यंत सगळेच, अशी भाषा आली. समजा एखाद्या शेतात २०० सुरुंग आहेत आणि आपलं झाड ९५ टक्के पकडतं. हा आकडा मी हिशोबासाठी धरलाय. परीक्षेत ९५ म्हणजे पेढे वाटतील. शेतात १० सुरुंग राहिले. दोनदा पेरलं तर सुटतील का? सुटणार नाहीत, कारण पहिल्यांदा ज्या कारणाने चुकलं, कोरडी चिकणमाती किंवा वेगळं स्फोटक, ते दुसऱ्यांदाही तिथेच आहे. एकाच चुकीच्या क्वेरीला दोनदा चालवल्यासारखं.

पालकाने हा प्रश्न अर्धा सोडवला

२०१६ मध्ये एमआयटीच्या मायकल स्ट्रानो यांच्या गटाने पालकाचं झाड घेतलं. इथे जनुकाला हातच लावलेला नाही. पानाच्या खालच्या बाजूने त्यांनी कार्बनच्या नळ्या आत शिरवल्या, केसापेक्षा हजारो पटींनी बारीक. मूळ पाणी ओढतं, त्या पाण्यात स्फोटकाच्या जातीचा रेणू असेल तर तो दहाएक मिनिटांत पानापर्यंत चढतो. पानावर लेझर मारला की नळ्या अवरक्त प्रकाशात चमकतात, आणि तो रेणू चिकटला की चमक मंदावते. मीटरभरावर ठेवलेला छोटा कॅमेरा रास्पबेरी पायला जोडलेला, आणि तो ईमेल पाठवतो. पालकाने ईमेल पाठवला म्हणून पुढे जगभर मीम झाले.

मीमच्या नादात लोकांचं एका गोष्टीकडे लक्ष गेलं नाही. त्यांनी पानात दोन प्रकारच्या नळ्या घातल्या होत्या. एक रेणूला प्रतिसाद देणारी. दुसरी कशालाच प्रतिसाद न देणारी, नुसती चमकत राहणारी. तिचं काम एकच: मी चमकतेय, म्हणजे लेझर चालू आहे, कॅमेरा चालू आहे, पान जागेवर आहे. आमच्या दर मिनिटाच्या निरोपासारखंच! पहिली मंदावली आणि दुसरी तशीच राहिली, तरच इशारा खरा.

तरीही अर्धाच म्हणते. दुसरी नळी पानाची आणि कॅमेऱ्याची हजेरी घेते, मुळाची घेत नाही. मूळ सुरुंगापाशी पोचलं का, हे अजूनही कोणी सांगत नाही. शिवाय प्रयोगात पिक्रिक आम्ल पाण्यात मिसळून झाडाला दिलं होतं, जमिनीत सुरुंग पुरून नव्हे.

मग गडचिरोलीत?

इथे मावसभावाला मी स्पष्टच "नाही" सांगितलं, आणि कारणं साधी आहेत. तिकडचा सुरुंग बहुतेक वेळा रस्त्याखाली असतो. डांबरावर आणि मोरीवर कोणी रोप लावणार नाही. शिवाय तो वीस वर्षं पाझरत पडलेला नसतो, अलीकडेच पुरलेला असू शकतो. तीन ते सहा आठवडे थांबायचं म्हटलं तर तोवर गाडी जाऊन येते. आणि अशा घरगुती सुरुंगांत बऱ्याचदा अमोनियम नायट्रेट किंवा जिलेटिनच्या कांड्या असतात, टीएनटीच्या कुलपाला त्या लागत नाहीत. अमोनियम नायट्रेट म्हणजे खताचाच भाऊबंद. म्हणूनच २०१२ पासून आपल्याकडे त्याच्या साठ्या-वाहतुकीला वेगळे नियम आहेत. नायट्रेटला लाल होणारं झाड विदर्भात लावलं तर ते प्रत्येक खत टाकलेल्या शेतात लाल होईल.

त्याच्या कामाला जवळची गोष्ट पुण्यातच आहे. डीआरडीओची पाषाणची प्रयोगशाळा, एचईएमआरएल, आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून रेडर-एक्स नावाचं यंत्र केलं, ते मार्च २०२१ मध्ये पुण्यात दाखवलं गेलं. दोन मीटर अंतरावरून वीस प्रकारची स्फोटकं ओळखण्याचा त्याचा दावा आहे. दोन मीटर म्हणजे काय, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

झाडाची जागा खरी असती ती सीमेवर. डिसेंबर २००१ नंतर ऑपरेशन पराक्रमच्या वेळी राजस्थान, पंजाब, जम्मू-काश्मीरच्या सीमेवर लष्कराने सुरुंग पेरले, त्यात शेतकऱ्यांची पिकाखालची जमीनही गेली, आणि ती परत मोकळी करायला बराच काळ लागला. सुरुंगबंदीच्या १९९७ च्या ओटावा करारावर भारताची सही नाही. पण सीमेवर पेरायचं तरी कसं? विमानातून फेकलेलं बी आधीच्या तणात, झुडपांत पडणार. वीतभर अरॅबिडॉप्सिस तिथे दिसणार कसं? तण काढायला माणूस पाठवायचा तर मग झाड कशाला? थंड हवेचं ते रोप राजस्थानच्या उन्हात आठवडाभर टिकलं तरी पुरे.

आणि परवानगी. जनुक बदललेलं कुठलंही रोप भारतात मोकळ्या जमिनीत लावायचं तर जीईएसीची मंजुरी लागते. २००२ मध्ये बीटी कापसाला ती मिळाली आणि शेतात व्यापारी लागवडीत आजही तेवढंच एक जनुकबदल पीक आहे. डेन्मार्कवाल्यांनी त्यांचं रोप आपोआप पसरू नये अशी सोय केली होती, चांगलं केलं. पण यवतमाळ जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला बी ठरवलेल्या जागी थांबतं असं सांगून बघा. परवानगी नसलेलं तणनाशकाला दाद न देणारं कापसाचं बी आपल्याकडे कुठून कुठे पोचलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

एक माणूस, दोन दोऱ्या

हे वाचताना मला राहून राहून रामा राघोबा राणे आठवत होते. कारवारजवळच्या चेंडियेचे, बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता सुरुंग आणि झाडं पाडून अडवलेला होता. ८ ते ११ एप्रिल, स्वतः जखमी असताना, त्यांनी गोळीबारात तो मोकळा केला आणि रणगाडे पुढे नेले. एका ठिकाणी ते रणगाड्याखाली सरपटत, दोऱ्या ओढून चालकाला डावीकडे-उजवीकडे सांगत सुरुंगांमधून त्याला घेऊन गेले. त्यांना परमवीरचक्र मिळालं, तेही जिवंतपणी. ज्याच्या डोक्यावर रणगाडा आहे तोच सांगतोय की इथे सुरुंग नाही. चालकाला एवढी खात्री पुरली.

आजही शेवटचा शब्द असाच मिळतो. टांझानियात शिकवलेले मोठे आफ्रिकी उंदीर कंबोडियात सुरुंग हुंगतात. त्यांतल्या मागावा नावाच्या उंदराला २०२० मध्ये सुवर्णपदक मिळालं. पण कामाला लावण्याआधी प्रत्येक उंदराची परीक्षा होते, माहीत असलेल्या जागी पुरलेल्या निकामी सुरुंगांवर. एक जरी सोडला तर तो नापास. म्हणजे त्याच्या गप्प राहण्याची किंमत आधी मोजून घेतलेली असते. झाडांची अशी परीक्षा घेणं अवघड, कारण प्रत्येक रोप, प्रत्येक माती वेगळी.

इस्रायलमध्ये हिब्रू विद्यापीठाच्या शिमशोन बेल्किन यांच्या गटाने २०१७ मध्ये वेगळी वाट दाखवली. जनुक बदललेले जिवाणू जेलीच्या छोट्या मण्यांत भरायचे, मणी जमिनीवर टाकायचे, डीएनटीची वाफ लागली की जिवाणू चमकतात आणि २० मीटरवरून लेझरने ते दिसतात. इथे मुळांची वाट बघायची नाही. शिवाय मणी आपण हवे तिथे टाकू शकतो, म्हणजे निकामी सुरुंगाच्या ज्ञात जागेवरही चार टाकून बघता येतात की आजच्या हवेत, आजच्या ओलाव्यात ते चमकतायत का. मला विचाराल तर झाडापेक्षा यात दम आहे.

झाडांचं काम मात्र वाया गेलं नाही. त्यांना भलतीच नोकरी दिली होती एवढंच. इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठात नील ब्रूस यांच्या गटाने स्फोटक खाणाऱ्या जिवाणूंची जनुकं एका उंच गवतात घातली. आरडीएक्स हे स्फोटक लष्कराच्या सराव मैदानांतून झिरपत भूजलात उतरतं, आणि ते विषारी आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या एका लष्करी तळावर तीन वर्षं हे गवत लावलं. २०२१ मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार त्याने हेक्टरी २७ किलो या दराने आरडीएक्स काढून पचवलं. इथे एखादं रोप मेलं, एखाद्या मुळाला काही लागलं नाही, तर थोडं विष मागे राहील, पुढच्या हंगामात निघेल. कोणाचा पाय जाणार नाही.

हे सगळं मी मावसभावाला फोनवर सांगितलं, वीस मिनिटं. दोन नळ्यांची गोष्ट त्याला आवडली. हिरव्या स्क्रीनची गोष्ट ऐकून तो म्हणाला, "आमच्यातही असंच आहे ताई. पुढच्याचा वायरलेसवर आवाज आला नाही तर आम्ही थांबतो. रस्ता मोकळा आहे असं धरत नाही."

मग थोडं थांबून म्हणाला, "बरं, त्या लाल झाडाचं राहू द्या. काकांनी पऱ्हाटीवर काय फवारलं ते विचारून सांगा. आमच्याकडं पण लाल्या आलाय."

बाबांनी मॅग्नेशियम सल्फेट आणि दोन टक्के युरिया फवारला होता. तसं मी त्याला कळवलं.